वीस वाड्यांची भिशी

कासापाम्पा,
१२ मार्च १९९५

प्रिय सेव्हेरोदादा,

तेओफिलो बटाट्याच्या ट्रकवरून पडला आणि त्याच्या उजव्या पायाचे हाड मोडले, हे तुझ्या कानावर आले असेल. हाड जुळते आहे. पण यंदा गावकामाची पाळी आपल्या वाडीची आणि वाडीत आमच्या घराची होती. पद नवरा-बायकोचे मिळून असते, एकाचा पाय मोडला म्हणून पाळी चुकत नाही. तेव्हा सभेने मला उभे केले. सिकिमायू नगरपालिकेच्या दक्षता समितीची अध्यक्ष म्हणून तुझी बहीण दोन वर्षे काम पाहणार आहे. हसू नकोस.

नव्या कायद्याने राजधानीतला पैसा आता थेट नगरपालिकेकडे येतो. काय बांधायचे ते वीस वाड्यांनी ठरवायचे, नगराध्यक्षाने बांधायचे आणि समितीने त्याच्यावर नजर ठेवायची. गेल्या रविवारी पहिली वाटणी झाली. नगराध्यक्ष एरास्मो घाबरला होता, मारामारी होईल म्हणून त्याने शेजारच्या ठाण्यातून दोन पोलीस बोलावून ठेवले होते. सभा दोन तासांत संपली. वीस वाड्या, वीस सारखे वाटे. प्रत्येकीला अडतीस पोती सिमेंट आणि थोडी सळई. एक पोते वाटेत फुटले होते, तेसुद्धा आम्ही पेल्याने मोजून वाटले. पोलिसांनी आमच्याबरोबर जेवण केले आणि ते परत गेले.

आपल्या वाडीने पाण्याची टाकी बांधायचे ठरवले आहे. वायल्यानीच्या झऱ्यावर जायला अजूनही सव्वा तास लागतो, आणि ऑगस्टच्या कोरड्या दिवसांत झरा करंगळीएवढा झाला की घागर भरायला पाऊण तास बसावे लागते. तू एकोणीस वर्षे ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात आहेस. टाकी किती मोठी असावी ते कळव.

तुझी
बासिलिया


ला पास,
२ एप्रिल १९९५

प्रिय बासी,

तुझे १२ मार्चचे पत्र २९ मार्चला मिळाले. तेओफिलोच्या पायासाठी मलम वेगळ्या पुडक्यात पाठवले आहे. दिवसातून दोनदा लावावे, पिऊ नये. हे मुद्दाम लिहितो, कारण तो माझा मेहुणा आहे.

आता टाकीविषयी. अडतीस पोत्यांत बारा हजार लिटरची टाकी होईल. माझा प्रश्न असा आहे की तिच्यात पाणी कुठून येणार? पायवाट टेकडी चढून सरळ जाते, पाण्याला मात्र झऱ्यापासून वळसा घालून अकरा किलोमीटर यावे लागेल, त्या सबंध अंतराला पाईप लागेल, झऱ्यापाशी पाणी धरणारी बंदिस्त चौकी लागेल, उतारावरचा दाब मोडायला मध्ये दोन छोट्या टाक्या लागतील. यातले तुमच्याकडे काय आहे? तुमच्याकडे सिमेंट आहे.

पाणीयोजना म्हणजे एक सलग वस्तू असते. तिचा विसावा भाग केला तर विसावा भाग पाणी मिळत नाही, काहीच मिळत नाही. तुम्ही रविवारी न्याय केलात, हे मी मान्य करतो. पाणी केले नाहीत. पैसा कसा खर्चावा हे ठरवण्यासाठी इथे अनुभवी माणसे बसलेली आहेत. वाड्यांच्या हाती तो दिल्याने काय होईल याची आमच्या कार्यालयात रोज चर्चा असते, आणि तुझे पत्र वाचल्यावर ती चर्चा मला व्यर्थ वाटेनाशी झाली आहे.

रागावू नकोस. तू विचारलेस म्हणून सांगितले.

तुझा भाऊ
सेव्हेरो


कासापाम्पा,
१५ ऑक्टोबर १९९५

प्रिय दादा,

सहा महिने तुला लिहिले नाही, कारण तू बरोबर होतास आणि ते लिहिण्याची मला घाई नव्हती.

टाकी झाली. सुंदर झाली. तिच्यात सध्या सासूबाईंच्या कोंबड्या बसतात. चाल्यामायूने शाळेच्या तीन भिंती उभ्या केल्या, चौथीला सिमेंट पुरले नाही. तारूकानीने पुलाचे दोन खांब घातले, एक नदीच्या या बाजूला आणि एक त्या बाजूला. लोक खांबाला टेकून विश्रांती घेतात आणि मग पाण्यातून चालत जातात. एका वाडीने आरोग्यकेंद्राचा नुसता जिना बांधला आहे. मी समितीची अध्यक्ष म्हणून सगळीकडे फिरले. प्रत्येक ठिकाणी मला मक्याची दारू पाजून अर्धवट काम अभिमानाने दाखवण्यात आले, आणि अर्धवट काम पाहून मान कशी डोलवायची ते मी शिकले.

परत येताना बाजारात आईच्या जुन्या मैत्रिणी दिसल्या. अजून त्यांची पासानाकूची भिशी चालू आहे. त्या भाजीच्या ढिगामागे बसून नाणी गोळा करत होत्या, आणि त्या आठवड्याचा गल्ला ज्या बाईचा होता ती लोकरीचा माग घ्यायला निघाली होती. मी तिथेच खाली बसले. दादा, त्या बायकांनी आठवड्याचा पैसा दहा जणींत सारखा वाटून घेतला असता, तर दर आठवड्याला दहा जणींनी एकेक कांदा घेतला असता.

रविवारच्या सभेत मी हेच मांडले. दरवर्षी चार वाड्यांनी सगळा पैसा घ्यायचा आणि काम पुरे करायचे. पाच वर्षांत वीस वाड्या. क्रमांक टोपीतून काढायचे.

तारूकानीचे ताता सिक्स्तो उठले. त्यांना तू ओळखतोस, ते उठले की सभा तासभर लांबते. ते म्हणाले, "बासिलिया, भिशीत शेवटच्याला काय मिळतं ठाऊक आहे का? पहिल्याच्या नव्या घराचं दर्शन मिळतं."

"मग तुम्ही पहिले घ्या, ताता," कुणीतरी म्हणाले.

"घेईन की. पण शेवटचा कोण, ते आधी सांगा. त्याचं तोंड बघून मग मी हात वर करतो."

खूप वादावादी झाली, पण शेवटी ठरले. क्रमांक निघाले. तारूकानीला दुसरे वर्ष आले. आपल्या वाडीच्या नशिबी शेवटचा गट आला, सन २०००. इतर तिघींबरोबर आपण थांबू.

तुझी
बासिलिया


ला पास,
९ नोव्हेंबर १९९५

प्रिय बासी,

तुझे पत्र मी तीनदा वाचले. कल्पना चांगली आहे. चांगली कल्पना मी कार्यालयाबाहेर प्रथमच पाहत असल्याने तीनदा वाचावे लागले.

परंतु दोन गोष्टी जुळत नाहीत.

एक. भिशी जो लावतो त्याचा पहिला गल्ला असतो, हा सर्वत्र नियम आहे. आईने चौदा वर्षे भिशी चालवली, तिने क्रमांक कधी टोपीतून काढला नाही. ती पहिला घेई आणि उरलेल्या बायका टोपीत हात घालीत. ही भिशी तू लावलीस. मग कासापाम्पाचे नाव टोपीत गेलेच कसे?

दोन. पाच वर्षांत दोन निवडणुका येतात. पहिली येत्या महिन्यात आहे, तीत एरास्मो बहुधा टिकेल. दुसरी डिसेंबर १९९९ मध्ये. म्हणजे नेमका तुमचा गट नव्या नगराध्यक्षाच्या हाती पडणार. मी एकोणीस वर्षे हाच अनुभव घेतला आहे की ज्या कागदावर चालू साहेबाची सही नाही तो कागद नुसताच कागद असतो. शक्य असेल तर आत्ताच कुणाशी तरी क्रमांक बदलून घे. सहा वर्षांनी ऑगस्टमध्ये झऱ्यावर घागर घेऊन बसशील तेव्हा तुला तुझ्या भाषणाची आठवण करून द्यायला मी येणार नाही. तेवढा मी वाईट नाही.

पहिल्या मुद्द्याचे उत्तर स्पष्ट शब्दांत द्यावे.

सेव्हेरो


कासापाम्पा,
२१ जानेवारी १९९६

प्रिय दादा,

स्पष्ट शब्दांत देते. कासापाम्पाचे नाव टोपीत नव्हते. सभेने पहिला क्रमांक मला देऊ केला होता. मी शेवटचा मागितला.

ताता सिक्स्तो म्हणत होते ते खरे होते. सगळ्यांना भीती शेवटच्या क्रमांकाची होती, आणि ती असेपर्यंत एकही हात वर होणार नव्हता. एकोणीस वाड्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. मी पहिला घेतला असता तर त्यांनी मला चतुर म्हटले असते आणि अडतीस-अडतीस पोती घेऊन त्या घरी गेल्या असत्या. मी म्हटले, "शेवटी मी थांबते. भिशी बुडाली तर माझी बुडेल." त्यानंतर ताता सिक्स्तोंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि हात वर केला.

तुला खोटे लिहिले, कारण तू काय म्हणशील ते मला आधीच ऐकू आले होते.

वाडीतले लोक माझ्याशी बोलत नाहीत. तेओफिलो बोलतो, पण जपून. त्या रात्री तो इतकेच म्हणाला, "माझा पाय मोडला नसता तर सभेला मी गेलो असतो, आणि मी पहिला घेतला असता." मग थोड्या वेळाने म्हणाला, "आणि कुणालाच काही मिळालं नसतं. झोप आता." सासूबाई रोज पहाटे झऱ्यावर जातात, परत आल्यावर दोन्ही घागरी माझ्या दारात ठेवतात आणि माझ्याकडे बघत उभ्या राहतात. सत्तर वर्षांच्या आहेत. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

ठराव वहीत लिहिला आहे, वीस अंगठे आणि सह्या आहेत. कोकाची पाने वाटली, जमिनीला दारूचा पहिला घोट दिला. याहून मोठी सही आमच्याकडे नाही.

तुझी
बासिलिया


ला पास,
३ जून १९९८

प्रिय बासी,

पत्रास उशीर झाला. कामाचा व्याप आहे. यापुढे पत्रे कार्यालयाच्या पत्त्यावर न पाठवता माझ्या खोलीच्या पत्त्यावर पाठव. कार्यालयात टपाल गहाळ होते.

तुझी मधली चार पत्रे मिळाली. तारूकानीचा पूल झाला आणि त्यावरून पहिल्या दिवशी ताता सिक्स्तोंनी लामांचा कळप सात वेळा नेला आणला, हे वाचून मी खोलीत एकटाच हसलो. पहिल्या दोन वर्षांत आठ कामे, आठही पुरी. मला याची सवय नाही. आमच्या नोंदींत "प्रगतिपथावर" हा शब्द इतक्या वेळा येतो की त्याचा शिक्काच करून घेतला होता.

तुमच्या वाडीसाठी मी एक आराखडा सोबत जोडला आहे. झऱ्यापाशी चौकी, चौथ्या आणि आठव्या किलोमीटरवर दाब मोडणाऱ्या टाक्या. चर ऐंशी सेंटिमीटर खोल हवी, एक सेंटिमीटरही कमी नको, नाहीतर जूनच्या हिवाळ्यात पाईपातले पाणी गोठेल आणि पाईप तडकेल. नगरपालिकेच्या इंजिनियरला दाखव. त्याला वाईट वाटू नये म्हणून हा आराखडा "जुन्या कागदांत सापडला" असे सांग.

सेव्हेरो


कासापाम्पा,
२० सप्टेंबर १९९८

प्रिय दादा,

इंजिनियर पोराने आराखडा पाहिला आणि विचारले, "हे कुणी काढलंय?" मी म्हटले, जुन्या कागदांत सापडले. तो म्हणाला, "शाई तर गेल्या महिन्यातली दिसते." मग त्याने तो भिंतीवर लावला. एक टाकी त्याने तीनशे मीटर खाली सरकवली आहे, तिथे खडक आहे म्हणून. तुझी हरकत असल्यास कळव, तो वाट पाहतो आहे.

तिसऱ्या वर्षाची चारही कामे आता शेवटास आली आहेत. माझी समितीची पाळी केव्हाच संपली, आता हुआंकारीचा एक विणकर अध्यक्ष आहे. माणूस मुखदुर्बळ, पण दर कामावर जाऊन भिंतीला ओळंबा लावून पाहतो. गेल्या महिन्यात त्याने नगराध्यक्षाच्या मेहुण्याने बांधलेली आरोग्यकेंद्राची भिंत पाडायला लावली, दीड बोटाने कलली होती म्हणून. एरास्मो चिडून म्हणाला, "अरे, भिंत आहे, घोंगडी नाही." विणकर म्हणाला, "घोंगडी वाकडी असली तर कुणी मरत नाही." भिंत पुन्हा बांधली, मेहुण्याच्या खर्चाने.

वाडीतले लोक आता माझ्याशी बोलतात. दर वर्षी चार नवी कामे पुरी होतात आणि ते जाऊन बघून येतात. बघून आले की विचारतात, "अजून किती?" मी सांगते, दोन वर्षे.

आता तुझ्याविषयी. पूर्वी तुझ्या पाकिटावर कार्यालयाचा शिक्का असे, जूनच्या पाकिटावर टपालाचे तिकीट होते, तेही तिरके लावलेले. तू तिकीट तिरके लावणारा माणूस नाहीस. काय झाले आहे?

बासिलिया


ला पास,
११ ऑक्टोबर १९९८

प्रिय बासी,

टाकी खाली सरकवण्यास हरकत नाही. खडक मला इथून दिसत नव्हता.

आमचे कार्यालय १९९६ च्या डिसेंबरमध्ये बंद झाले. पैसा वाड्यांकडे गेल्यावर तो वाटणाऱ्यांची गरज राहिली नाही. मी सध्या एका लोखंडी सामानाच्या दुकानात हिशेब लिहितो. मालक सज्जन आहे. दोन वर्षे तुला सांगितले नाही, कारण तुझ्या पहिल्याच पत्राला मी जे उत्तर दिले होते त्यात अर्धा राग तुमच्या सिमेंटवर नव्हता, माझ्या जाणाऱ्या खुर्चीपायी होता. हे तेव्हाही मला ठाऊक होते.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. कार्यालय आवरताना जुन्या फायली तपासून गठ्ठे बांधण्याचे काम माझ्याकडे होते. त्यांत कासापाम्पाचा अर्ज निघाला. सन १९७४, वायल्यानीचे पाणी वाडीत आणण्याबाबत, खाली आपल्या वडिलांचा अंगठा. समासात तीन वेगवेगळ्या अक्षरांत "विचाराधीन" असे लिहिले आहे. तिसरे अक्षर माझे आहे, १९८१ चे. अर्ज कुणाचा होता हे मी पाहिले नव्हते. आम्ही नाव पाहत नसू, क्रमांक पाहत असू, आणि याला आम्ही निःपक्षपातीपणा म्हणत असू.

तुझा
सेव्हेरो


कासापाम्पा,
१ नोव्हेंबर १९९८

प्रिय दादा,

आज पितरांचा दिवस. वडिलांसाठी भाकरीच्या बाहुल्या मांडल्या, दारू ठेवली. अर्जाची गोष्ट मी त्यांना सांगितली. ते जिवंत असते तर म्हणाले असते, "चोवीस वर्षांत पोराचं अक्षर तरी सुधारलं का?" तेवढेच म्हणाले असते. तूही त्याहून जास्त मनाला लावून घेऊ नकोस.

दुकानात शेगडी आहे का? लोकरीचे बनियान पाठवते आहे.

बासिलिया


कासापाम्पा,
२७ फेब्रुवारी २०००

प्रिय दादा,

तू १९९५ मध्ये लिहिले होतेस तसेच झाले. एरास्मो निवडणूक हरला. नवा नगराध्यक्ष वाल्तेर या महिन्यात खुर्चीवर बसला. तरुण आहे, गोड बोलतो, प्रत्येकाला नावाने हाक मारतो. त्याने सर्व वाड्यांना कळवले आहे की भिशीचा ठराव जुन्या नगरपालिकेचा होता, तो त्याच्यावर बंधनकारक नाही. यंदापासून पुन्हा वीस सारखे वाटे.

तो कुणावर अन्याय करत नाही, दादा, हीच पंचाईत आहे. सोळा वाड्यांचे काम झालेले आहे. त्यांना यंदा काही मिळायचे नव्हते, आता वाटा मिळेल. कुणाला शाळेला कुंपण, कुणाला चावडीसमोर फरशी. आपण चार वाड्या उरलो. १२ मार्चला सभा आहे.

आपल्या वाडीतले लोक पुन्हा माझ्या दारावरून मुकाट्याने जाऊ लागले आहेत. सासूबाई आता झऱ्यापर्यंत चालू शकत नाहीत, त्यांच्या घागरी मी आणते. त्या परवा म्हणाल्या, "मी मरायच्या आधी पाणी येईल असं म्हणाली होतीस." मी तसे कधी म्हटले नव्हते, पण त्यांनी पाच वर्षे तसेच ऐकले असणार.

कायद्यात आपल्या बाजूने काही आहे का? लगेच कळव.

बासिलिया


ला पास,
४ मार्च २०००

प्रिय बासी,

पत्र ट्रकवाल्याच्या हाती देत आहे, टपालाने वेळेत पोहोचणार नाही.

मी कायदा संपूर्ण वाचला, दुकानाशेजारच्या वकिलालाही विचारले. वर्षाची कामे नगराध्यक्ष एकटा ठरवू शकत नाही, वाड्यांच्या प्रतिनिधींनी ती मंजूर करावी लागतात. म्हणजे वाल्तेर तुमची भिशी मोडू शकत नाही. पण वाड्या मोडू शकतात. सोळांनी सारखे वाटे मागितले, तर दक्षता समितीही काही करू शकणार नाही. त्यांनीच मागितलेल्या गोष्टीपासून त्यांचे रक्षण करणारे कलम मला सापडले नाही.

तेव्हा प्रश्न सोळा विरुद्ध चार असा आहे. मी आयुष्यभर अंदाजपत्रके पाहिली आहेत. समोर आलेला पैसा दुसऱ्याला सोडून देणारे खाते मी पाहिलेले नाही. मन घट्ट करून जा. आणि सभेचा निकाल काहीही लागला तरी चार वर्षांत सोळा कामे उभी राहिली, हे तू केलेस. कार्यालयात आम्ही बेचाळीस माणसे होतो.

तुझा
सेव्हेरो


कासापाम्पा,
१४ मार्च २०००

प्रिय दादा,

सभा झाली. क्रमाने सांगते.

वाल्तेरने छान भाषण केले. "ही भिशी माझ्या आधीची आहे. मला सगळ्या वाड्या सारख्या. यंदा वीस सारखे वाटे, कुणी मागे नाही, कुणी पुढे नाही."

मागून चाल्यामायूचा एकजण म्हणाला, "सारखे वाटे आम्ही एकदा करून पाहिलेत. आमच्या शाळेला तीन भिंती होत्या. पोरं चौथ्या बाजूने पळून जायची." लोक हसले, पण हसण्याने मत पडत नाही.

मला बोलायला सांगितले. मी रात्रभर पाठ केलेले सगळे विसरले. मी म्हटले, "मला काही बोलायचं नाही. बोलायचं ते मी पाच वर्षांपूर्वी बोलले." आणि खाली बसले. तेओफिलोने डोक्याला हात लावला.

मग ताता सिक्स्तो उठले. ब्याऐंशी वर्षांचे आहेत, दोघांनी धरून उठवावे लागते. म्हणाले, "वाल्तेर, तुझं सासर तारूकानीला ना रे?"

"हो, ताता."

"म्हणजे आज सभेला पुलावरून आलास."

"पुलावरूनच आलो, ताता."

"त्या पुलात कासापाम्पाचा वाटा आहे. हुआंकारीचा आहे, चाल्यामायूचा आहे. तुला वाटे मोजूनच घ्यायचे असतील तर आमचा विसावा भाग आहे, साधारण एका पावलाएवढा. तेवढ्यावरून जा. बाकीची नदी पोहून जा."

नंतर विणकराने, जो सभेत कधी बोलत नाही, इतकेच सुचवले की ज्यांना भिशी पुरी करायची आहे त्यांनी उठून शेवटच्या चार वाड्यांच्या बाजूला जाऊन उभे राहावे. हात वर करायचा नाही, चालत जायचे, म्हणजे सगळ्यांना दिसेल.

सुरुवातीला कुणीच हलले नाही. मी मनात मोजत होते. एकसष्टपर्यंत मोजले. मग ताता सिक्स्तो निघाले. त्यांना अंगण ओलांडायला इतका वेळ लागला की त्यांच्या मागून निघालेले लोक त्यांना ओलांडून जायला संकोचत होते, म्हणून सगळी रांग त्यांच्या चालीने आली. चौदा वाड्या आल्या, दादा. दोन आल्या नाहीत. त्यांची नावे मी लिहीत नाही, त्यांच्याशी आपला रोजचा शेजार आहे. वाल्तेरने वहीत सही केली. तो वाईट माणूस नाही. त्याला वाटले होते की लोकांना हेच हवे असेल.

यानंतरचे मी मागितले नव्हते. पैशात पाईप येतो, पण चर खणायला मजुरी उरत नाही. ताता सिक्स्तो म्हणाले, "अकरा किलोमीटर आहे. वीस वाड्या. साडेपाचशे मीटर प्रत्येकी." कुणी मत घेतले नाही, विणकराने सरळ लिहायला घेतले. न आलेल्या दोन वाड्यांची नावेही त्याने लिहिली, आणि त्यांनी नको म्हटले नाही.

आपल्या वाडीत सेहेचाळीस घरे आहेत. साडेपाचशे भागिले सेहेचाळीस, म्हणजे बारा मीटरला चार सेंटिमीटर कमी. वडिलांचे घर तुझ्या नावावर आहे आणि यादीतही आहे. तुझे बारा मीटर आठव्या किलोमीटरच्या टाकीखाली येतात. बाहेरगावी असणाऱ्याने दोन दिवसांची मजुरी भरली की चालते, बरेच जण तसेच करणार आहेत. बटाटे काढून झाल्यावर, जूनच्या पहिल्या आठवड्यात खणायला सुरुवात.

बासिलिया


ला पास,
२ एप्रिल २०००

प्रिय बासी,

मजुरी पाठवत नाही. मालकाकडे सहा दिवसांची रजा मागितली आहे. १ जून, गुरुवारच्या ट्रकने येतो. माझ्या जागी कुणाला खणू देऊ नये.

चौदा वाड्या आल्या, हे वाक्य मी वकिलाला वाचून दाखवले. तो म्हणाला, असे कोणत्या कलमाखाली झाले? मी त्याला सांगितले की अजून लिहिलेले नाही.

सेव्हेरो


ला पास,
१८ जून २०००

प्रिय बासी,

हस्ताक्षराबद्दल क्षमस्व. उजव्या हाताचे फोड अजून सुकलेले नाहीत.

सूर्य वर येईपर्यंत तिथल्या गोठलेल्या मातीत कुदळ शिरत नाही, हे मी विसरलो होतो. पहिल्या सकाळी मी खणत होतो आणि ठिणग्या उडत होत्या, आणि सगळी वाडी उन्हाची वाट पाहत कोका चघळत माझी करमणूक बघत होती. तेओफिलोने तरी सांगायला हवे होते. तो म्हणाला, "साहेबांना घाई दिसली." मलम पिऊ नये असे मी लिहिले होते, त्याचा हा सूड असावा.

विणकर काठी घेऊन आला तेव्हा मला वाटले होते की माझी चर तो नुसती पाहून पुढे जाईल. त्याने दर मीटरला काठी घातली. सातव्या मीटरला शहात्तर भरले. तो काठी मातीत तशीच उभी ठेवून पुढच्या माणसाकडे गेला. ऐंशी सेंटिमीटर हा आकडा माझाच होता. मी पुन्हा खाली उतरलो. वीस वर्षांत मी कित्येक कामांवर शेरे मारले, पण ती कामे कधी पाहिली नव्हती.

संध्याकाळी टेकडीवरून खाली पाहिले तर साऱ्या उतारावर चर एका रेषेत दिसत होती, आणि तिच्यात ठिकठिकाणी टोप्या हलत होत्या. ज्या वाड्यांना या पाण्याचा एक थेंब मिळणार नाही त्या वाड्यांच्या टोप्या. त्या दोन वाड्यांच्याही. मी तिथे बराच वेळ उभा होतो. तू मला जेवायला हाका मारत होतीस, त्या मला ऐकू येत होत्या.

पाणी सोडतील तेव्हा मला येता येणार नाही, रजा संपली. सविस्तर कळव. काहीही वगळू नकोस.

तुझा
सेव्हेरो


कासापाम्पा,
२० ऑगस्ट २०००

प्रिय दादा,

काल, शनिवारी सकाळी साडेआठ वाजता वायल्यानीला झडप उघडली. आम्ही सगळे इथे टाकीपाशी उभे होतो. कोंबड्यांची पिसे मी आदल्या दिवशी स्वतः धुऊन काढली होती. नऊ वाजले, दहा वाजले, काही नाही. वाल्तेर दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहत होता. ताता सिक्स्तो त्याला म्हणाले, "तू बघितल्यानं ते लवकर येत नाही."

अकरा वाजून वीस मिनिटांनी नळाने खोकल्यासारखा आवाज केला. नुसती हवा आली, मग तांबडे पाणी, मग चिखल, मग पुन्हा हवा. आणि मग ते स्वच्छ आले आणि येतच राहिले. बायका एकमेकींकडे बघत होत्या, कारण झरा सध्या करंगळीएवढाच आहे, पण तो रात्रंदिवस वाहतो आणि आता रात्रभराचे पाणी टाकीत साठत राहील. हे आम्हाला कुणी सांगितलेच नव्हते, किंवा सांगितले असेल आणि समजले नसेल.

सासूबाईंना खुर्चीवर बसवून आणले होते. त्यांनी ओंजळ भरली, प्यायल्या, आणि म्हणाल्या, "गोड नाही." मग म्हणाल्या, "झऱ्यावर गोड लागायचं. चालून तहान लागलेली असायची." आणि पुन्हा ओंजळ पुढे केली.

आज सकाळी मी आणि विणकर सबंध मार्गावरून चालत गेलो, कुठे ओल वर येते का ते पाहायला. अकरा किलोमीटरमध्ये तीन ठिकाणी गळती निघाली, इंजिनियर उद्या जोडणार आहे. तुझ्या बारा मीटरवरून मी दोनदा गेले, जमिनीला हात लावून पाहिला. कोरडी आहे.

तुझी
बासिलिया